सर्वांत वाईट ठरवलेल्या दिग्दर्शकाचा चरित्रपट कसा समजून घ्यावा?

चरित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : हे खरोखर असेच घडले होते का? राष्ट्रपुरुष, संत, गायक नट किंवा खेळाडू यांच्यावरील चित्रपटांच्या बाबतीत या प्रश्नावरून आपल्याकडे कडाक्याचे वाद होतात आणि कधी कधी प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. पण चित्रपटाच्या इतिहासात ज्याचे नाव केवळ अपयशासाठी नोंदले गेले, अशा माणसावर चरित्रपट निघतो, त्यावर १ कोटी ८० लाख डॉलर खर्च होतात आणि त्याला दोन ऑस्कर मिळतात, तेव्हा त्याआधी आणखी एक प्रश्न उभा राहतो : असा चित्रपट मुळात काढायचाच कशाला? टिम बर्टन यांनी दिग्दर्शित केलेला १९९४ सालचा ‘एड वुड’ हा असा चित्रपट आहे. चरित्रपट नावाचा प्रकार आतून कसा चालतो, हे समजून घ्यायला त्याच्याइतके उघडे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. येथे नायकाचे मोठेपण सिद्ध करण्याचे ओझे नाही, त्यामुळे पटकथाकारांनी काय घेतले, काय गाळले आणि कोठे हात आखडला, हे स्वच्छ दिसते.

एक सोय आधीच करून ठेवतो. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, त्याचा येथे उपयोग होईल. या लेखात खऱ्या वुड यांचा उल्लेख ‘ते’ असा आणि जॉनी डेप यांनी साकारलेल्या पडद्यावरच्या एडचा उल्लेख ‘तो’ असा केला आहे. वुड यांच्या चित्रपटांतील वयोवृद्ध नट बेला लुगोसी यांच्याबाबतही तेच. ही दोन माणसे वेगळी आहेत, हे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

खरे एड वुड कोण होते?

एडवर्ड डी. वुड ज्युनियर यांचा जन्म १० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या मरीन दलात होते. युद्धानंतर, १९४७ मध्ये, ते हॉलिवूडला आले आणि पुढील काही वर्षांत मिळेल त्या पैशात, मिळेल त्या माणसांना घेऊन चित्रपट काढू लागले. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती आणि प्रसंगी अभिनय ही सारी कामे ते स्वतःच करीत. ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ (१९५३), ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ (१९५५) आणि ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ हे त्यांचे सर्वाधिक बोलले जाणारे चित्रपट. त्यांना स्त्रियांचे कपडे, विशेषतः अंगोरा लोकरीचे मऊ स्वेटर, घालायला आवडत असे, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच पडद्यावर आणली.

१९६० नंतर त्यांची घसरण झाली. पोटासाठी त्यांनी स्वस्त कादंबऱ्यांचा रतीब घातला, पुढे कामुक चित्रपटांसाठी लिहिले, दारू वाढत गेली. १० डिसेंबर १९७८ रोजी, भाड्याच्या घरातून बाहेर काढले गेल्यानंतर काही दिवसांतच, वयाच्या ५४ व्या वर्षी एका मित्राच्या घरी त्यांचे निधन झाले. ‘सर्वकाळातील सर्वांत वाईट दिग्दर्शक’ हा शिक्का त्यांच्यावर त्यानंतर, म्हणजे १९८० साली, हॅरी आणि मायकेल मेडवेड या भावांच्या एका पुस्तकाने मारला. त्याच पुस्तकात वाचकांच्या कौलाने ‘प्लॅन ९’ हा सर्वांत वाईट चित्रपट ठरला. आज ज्या बिरुदामुळे जग वुड यांना ओळखते, ते बिरुद त्यांनी स्वतः कधी ऐकलेच नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण हयातभर ते ‘वाईट’ म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते प्रसिद्धच नव्हते.

कमी पैशांचा चित्रपट म्हणजे नेमके काय?

वुड यांच्या चुका समजण्यासाठी आधी त्या काळचा बाजार समजून घ्यावा लागतो. अमेरिकेतील चित्रपटगृहांत अनेक वर्षे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची रीत होती. पहिला मोठ्या तारकांचा, दुसरा जोडीला दिलेला. या जोडीच्या चित्रपटाला ‘बी’ चित्रपट म्हणत. खानावळीतल्या थाळीचा विचार केला तर हे सहज कळते. गिऱ्हाईक येते ते भाजी-पोळीसाठी. कोशिंबीर ताटात हवी असते, पण तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून खानावळवाला ती स्वस्तात बसवतो. मुख्य चित्रपटाच्या निर्मात्याला तिकिटांच्या गल्ल्यात हिस्सा मिळे. जोडीच्या चित्रपटाला सहसा ठरलेले भाडे मिळे, मग चित्रपटगृह भरलेले असो की रिकामे. उत्पन्नाचा आकडा आधीच ठरलेला असेल, तर नफा वाढवण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे खर्च कमी करणे.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंच्या मक्तेदारीविरुद्ध निर्णय दिला, आणि त्यानंतर स्टुडिओंना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली. स्वतःची चित्रपटगृहे भरण्याची जबाबदारी गेल्यावर त्यांना जोडीचे चित्रपट काढण्यात रस राहिला नाही. त्याच सुमारास दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली. ही जी जागा रिकामी झाली, तीत लहान निर्माते शिरले. ते चित्रपट प्रांतवार विकत. एकेका राज्याचा वितरक आपल्या भागापुरते हक्क घेई आणि बहुधा चित्रपटाचे नाव व पोस्टर पाहूनच सौदा करी. बर्टन यांच्या चित्रपटात जॉर्ज वाइस या निर्मात्याची कचेरी दाखवली आहे. तिथे पोस्टर आधी तयार असते, चित्रीकरण नंतर होते. प्रेक्षक हसतात, पण त्या व्यवसायात हाच शहाणपणाचा क्रम होता. फटाके बनवणारे वेष्टन आधी छापून घेतात, तसाच.

आता कच्च्या फिल्मचा हिशेब पाहू, कारण सगळे प्रश्न येथूनच निघतात. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने कॅमेऱ्यातून जाते. ८० मिनिटांच्या चित्रपटाची अंतिम लांबी ७,२०० फूट होते. प्रत्येक दृश्य सरासरी दहा वेळा घेणाऱ्या दिग्दर्शकाला ७२,००० फूट फिल्म लागते; जो दोनच वेळा घेतो त्याचे काम १४,४०० फुटांत भागते. फरक केवळ फिल्मच्या किमतीचा नसतो. जास्तीची प्रत्येक फूट फिल्म प्रयोगशाळेत धुवावी लागते, ती घेईपर्यंत स्टुडिओचे भाडे चालू असते, आणि दिवे लावणाऱ्यापासून कॅमेरामनपर्यंत सर्वांची मजुरी चढत असते. त्यामुळे संवाद अडखळला, नट दाराच्या चौकटीला धडकला, नेपथ्याची भिंत हलली, तरी ‘पुन्हा घेऊ’ म्हणणे ही वुड यांच्यासाठी चैन होती.

चित्रपटातील सर्वांत बोलके दृश्य हेच आहे. धिप्पाड मल्ल टोर जॉन्सन दारातून जाताना चौकटीला आपटतो आणि संपूर्ण सेट थरथरतो. कॅमेरामन विचारतो की पुन्हा घ्यायचे का. एड शांतपणे सांगतो की गरज नाही. हे पात्र एवढे अवाढव्य आहे की दारातून जाताना त्याची रोजच अशी अडचण होत असणार. डेप यांचा चेहरा त्या क्षणी पूर्ण प्रामाणिक आहे. पैसा नाही ही गोष्ट एडने स्वतःपासून इतकी लपवली आहे, की टंचाईचे रूपांतर कलात्मक निर्णयात होताना त्यालाही कळत नाही.

एकाच दृश्यात दिवस आणि रात्र कशी येते?

‘प्लॅन ९’ पाहणारे जिला सर्वाधिक नावे ठेवतात ती चूक म्हणजे स्मशानातील प्रसंग. एका शॉटमध्ये काळोख, पुढच्यात लख्ख ऊन, मग पुन्हा काळोख. ही चूक कशी होते हे समजले की ती वेडेपणाची वाटत नाही. रात्रीचे दृश्य उघड्यावर घ्यायचे तर मोठे दिवे आणि जनित्र लागते. ते परवडत नसेल तर दिवसा चित्रीकरण करून कॅमेऱ्यात प्रकाश कमी घेतात आणि पुढे प्रयोगशाळेत प्रिंट गडद करवून घेतात. पडद्यावर ते चांदण्यासारखे दिसते. मोठे दिग्दर्शकही ही युक्ती वापरत. पण त्यासाठी छायाचित्रण काटेकोर हवे आणि प्रयोगशाळेत वेळ घालवता यायला हवा. वुड यांच्याकडे स्टुडिओत घेतलेले अंधारे तुकडे होते आणि बाहेर उन्हात घेतलेले तुकडे होते, आणि दोन्हींमधला मेळ घालण्याचे काम अर्धवट राहिले.

अर्थात सगळ्याच चुका टंचाईतून आलेल्या नाहीत. वुड यांचे संवाद बोजड आणि स्वतःभोवती फिरणारे आहेत, आणि चांगली वाक्ये लिहिण्यासाठी कच्च्या फिल्मचा एक फूटही लागत नाही. त्याच काळात, तितक्याच पैशांत नेटके चित्रपट काढणारे लोक अमेरिकेत होते. बर्टन यांच्या चित्रपटानेही वुड हे दुर्लक्षित प्रतिभावंत होते असा दावा केलेला नाही. कथनाची जाण त्यांच्याकडे कमी होती आणि काम पुरे करण्याची ओढ अफाट होती. या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे चित्रपट न सांगता दाखवतो.

लुगोसी या कथेच्या मध्यभागी का आहेत?

बेला लुगोसी यांचा जन्म १८८२ साली, तेव्हा हंगेरीत असलेल्या आणि आज रुमानियात असलेल्या लुगोज या गावी झाला; त्यांनी आडनावही गावावरून घेतले. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ने ते जगप्रसिद्ध झाले, आणि त्या एका भूमिकेने त्यांचे पुढचे रस्ते बंद केले. उच्चार परदेशी, चेहरा ड्रॅक्युलाचा, त्यामुळे दुसरे काम मिळेना. पायाच्या तीव्र वेदनांवर सुरू झालेल्या औषधांतून मॉर्फिनचे व्यसन जडले. वुड यांची भेट झाली तेव्हा ते सत्तरीचे होते. १९५५ मध्ये ते स्वतःहून सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी दाखल झाले. अशी गोष्ट उघडपणे करणे त्या काळी सोपे नव्हते. १६ ऑगस्ट १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांना ड्रॅक्युलाच्या झग्यातच दफन करण्यात आले.

वुड यांनी त्यांच्या अखेरच्या काळात कोणतीही निश्चित कथा नसताना त्यांची काही मिनिटांची मूक दृश्ये घेऊन ठेवली होती. एका दृश्यात म्हातारा लुगोसी घराबाहेर येतो, फूल हुंगतो, उदास होतो. निधनानंतर याच तुकड्यांभोवती ‘प्लॅन ९’ रचला गेला. उरलेल्या प्रसंगांत लुगोसींच्या जागी वुड यांच्या पत्नीवर उपचार करणारा मणक्याचा एक उपचारतज्ज्ञ उभा केला. तो उंच होता, वयाने लहान होता, त्याचे लुगोसींशी साम्य नव्हते, म्हणून त्याने सर्व वेळ झगा चेहऱ्यासमोर धरला. यावर जग हसत आले आहे. मला मात्र वाटते की गेलेल्या मित्राची मूठभर दृश्ये फेकून देववत नाहीत, ही भावना त्यात आहेच. शिवाय पोस्टरवर लुगोसींचे नाव छापता आले तर वितरक मिळेल, हा व्यवहारही आहे. माया आणि व्यवहार येथे वेगळे काढता येत नाहीत, आणि बर्टन यांनी ते वेगळे काढण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

पटकथाकार स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी कराझेव्स्की यांनी हीच मैत्री कथेचा कणा म्हणून निवडली. बर्टन त्याकडे ओढले गेले, कारण बालपणी ज्यांच्या भयपटांवर ते वाढले त्या व्हिन्सेंट प्राइस यांच्याशी त्यांचे असेच नाते होते. प्राइस यांच्या अखेरच्या वर्षांत बर्टन यांनी त्यांना ‘एडवर्ड सिझरहँड्स’मध्ये भूमिका दिली होती. पटकथाकारांचीही स्वतःची जखम होती. त्यांचा ‘प्रॉब्लेम चाइल्ड’ चालला, पण समीक्षकांनी त्याची खिल्ली उडवली होती. चांगले करायला जाऊन हसे होणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपल्या अशा लेखनाला ते ‘प्रतिचरित्रपट’ या अर्थाचा शब्द वापरतात : ज्याच्यावर चित्रपट काढावा असे कोणालाही वाटणार नाही, अशा माणसाचे चरित्र.

चित्रपट कृष्णधवल का आहे?

रिक बेकर यांच्या रंगभूषेची चाचणी चालू असताना लुगोसींच्या डोळ्यांचा रंग कोणता होता, असा प्रश्न निघाला, आणि लुगोसी यांना आपण सर्वांनी कृष्णधवलातच पाहिले आहे, ही गोष्ट बर्टन यांच्या मनात पक्की झाली. रंगीत लुगोसी खोटा वाटला असता. कोलंबिया स्टुडिओला हे मान्य नव्हते, कारण कृष्णधवल चित्रपट विकायला अवघड. त्यांनी हात काढून घेतला आणि डिस्नीने, आपल्या टचस्टोन या शाखेमार्फत, तो स्वीकारला. लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊ यांना सहायक अभिनेत्याचे आणि रिक बेकर, व्ही नील व योलांडा टूसिंग यांना रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. लँडाऊ यांचा लुगोसी पाहिल्यावर या निर्णयाविषयी शंका राहत नाही.

यातले खरे किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्रपटाचा आधार आहे रुडॉल्फ ग्रे यांचे १९९२ सालचे मौखिक चरित्र. मौखिक चरित्र म्हणजे ओळखीच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत शेजारी शेजारी मांडणे. तेराव्याला जमलेले नातलग गेलेल्या माणसाविषयी बोलू लागतात, तेव्हा काका एक सांगतात आणि आत्या नेमके उलटे सांगते, तसे हे पुस्तक आहे. त्यात विसंगती तशाच ठेवल्या आहेत. चित्रपटाला तसे करता येत नाही. पडद्यावर प्रसंग एकदाच घडतो, त्यामुळे अनेक साक्षींतून एक निवडावी लागते, आणि निवड झाली की ती साक्ष इतिहासासारखी दिसू लागते.

काही गोष्टी सरळ कल्पित आहेत. हॉलिवूडच्या मुसो अँड फ्रँक या उपाहारगृहात एडला ‘सिटिझन केन’चा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स भेटतो आणि स्वतःच्या स्वप्नासाठी झगडण्याचा सल्ला देतो. अशी भेट झाली नाही. त्याच दृश्यात वेल्स तक्रार करतो की स्टुडिओ चार्लटन हेस्टन यांना मेक्सिकन माणसाच्या भूमिकेत लादत आहे. प्रत्यक्षात त्या चित्रपटाचे (‘टच ऑफ एव्हिल’) दिग्दर्शन वेल्स यांना द्यावे हा आग्रहच हेस्टन यांचा होता. शेवटी ‘प्लॅन ९’चा पहिला खेळ पँटेजेस या भव्य चित्रपटगृहात थाटात होतो, खरा पूर्वखेळ मार्च १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्लटन चित्रपटगृहात झाला आणि नियमित वितरणाला त्यानंतर पुष्कळ वेळ गेला. याउलट, जे अशक्य वाटते ते अनेकदा खरे आहे. ‘प्लॅन ९’चा पैसा बॅप्टिस्ट चर्चशी संबंधित मंडळींकडून आला, त्यासाठी चमूतील लोकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ‘कबर लुटारू’ या अर्थाचे मूळ नाव त्या मंडळींना रुचले नाही म्हणून बदलले गेले. ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मधील रबरी ऑक्टोपसची मोटर नव्हती आणि त्याचे निर्जीव पाय हातानेच हलवत झटापट करावी लागली, हेही खरे.

वेल्सची भेट मला खटकत नाही. ती चित्रपटाच्या स्वभावाशी सुसंगत आहे आणि तिच्यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही. मला खटकते ते दुसरेच. चित्रपटातील लुगोसी एकाकी आहे, लहान कुत्र्यांसोबत राहतो, शवपेटीत झोपतो आणि शिव्या देतो. खऱ्या लुगोसी यांना मुलगा होता, १९५५ मध्ये होप या स्त्रीशी त्यांचा पाचवा विवाह झाला होता, आणि ते असे शिवराळ नव्हते, असे त्यांच्या मुलाने आग्रहाने सांगितले आहे. एड आणि लुगोसी यांच्यातील बंध घट्ट दिसावा म्हणून पत्नी व मुलगा यांना कथेतून पुसले गेले. वुड यांची तेव्हाची प्रेयसी आणि त्यांच्या चित्रपटांतील अभिनेत्री डोलोरेस फुलर यांच्यावरही अन्याय झाला आहे. चित्रपटातील डोलोरेस तिरसट आहे, एडला समजून न घेणारी आहे. प्रत्यक्षात त्यांनी वुड यांच्या चित्रपटांना अनेक प्रकारे हातभार लावला आणि पुढे एल्व्हिस प्रेस्ली यांच्यासाठी गीते लिहिली. आपले चित्रण त्यांना आवडले नव्हते, आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते.

मग कायदा काय म्हणतो?

परवानगीशिवाय कोणाच्या आयुष्यावर चित्रपट काढता येतो का, हा प्रश्न येथे साहजिक आहे, आणि गंमतीची नव्हे तर विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की त्याचे उत्तर घडवण्यात लुगोसी कुटुंबाचाच वाटा आहे. लुगोसींचे ड्रॅक्युलाच्या वेषातील रूप युनिव्हर्सल कंपनीने खेळणी व इतर वस्तूंसाठी वापरू दिले, म्हणून १९६० च्या दशकात होप आणि मुलगा बेला ज्युनियर यांनी दावा केला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्वतःच्या प्रतिमेच्या व्यापारी वापराचा हक्क हयातीपुरता असतो, तो वारसांकडे जात नाही. त्यानंतर त्या राज्याने कायदा बदलला आणि १९८५ पासून वारसांना असा हक्क मिळाला. पण तो मुख्यतः वस्तू आणि जाहिराती यांच्यापुरता आहे. नाटक, पुस्तक, चित्रपट यांना मोकळीक ठेवली आहे. मगवर कोणाचा चेहरा छापायचा तर वारसांना पैसे द्यावे लागतील, त्याच माणसाचे आयुष्य चित्रपटात मांडायचे तर सहसा नाही. त्यातच अमेरिकेत मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा चालत नाही. म्हणजे कायद्याने मोकळी ठेवलेली जागा नीतीने भरावी लागते, आणि ज्या स्त्रीने हा दावा लढवला तिलाच या चित्रपटात जागा नाही, हे मला अजून बोचते.

चित्रपट वुड यांना हसतो का?

अनेकांना असे वाटते. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला आधार ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’चा. १९५२ मध्ये क्रिस्टिन जॉर्गेन्सन यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची बातमी जगभर गाजली. निर्मात्याला त्या बातमीवर झटपट खळबळजनक चित्रपट हवा होता. वुड यांनी त्याऐवजी स्त्रियांचे कपडे घालणाऱ्या पुरुषाची कैफियत काढली आणि वेगळ्या नावाने ती भूमिका स्वतः केली. चित्रपट विस्कळीत आहे, पण १९५३ च्या अमेरिकेत, जिथे अशी वेशभूषा करणाऱ्याला अटक होऊ शकत होती, पडद्यावर उभे राहून ‘मी असा आहे आणि मी कोणाचे वाईट करीत नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते. एड हे रहस्य डोलोरेसला सांगण्यासाठी तिच्या हाती पटकथा देतो, तो प्रसंग बर्टन यांनी विनोदाचा फायदा न घेता चित्रित केला आहे. पुढे त्याची पत्नी होणाऱ्या कॅथीला तो हेच जत्रेतल्या भुताच्या घराच्या गाडीत, गाडी मध्येच बंद पडली असताना सांगतो आणि ती क्षणभर विचार करून स्वीकारते. तेथे चित्रपटगृहात हसू येत नाही.

शेवट कोठे करावा?

चरित्रपटातील सर्वांत मोठा निर्णय बहुधा हाच असतो. एकसष्टीच्या समारंभात कोणी खोटे बोलत नाही, तरी सत्कारमूर्तीचे कर्ज, भांडणे, दारू यांचा उल्लेख कोणी करत नाही. ‘एड वुड’ असाच १९५७ च्या आसपास, आनंदाच्या क्षणी थांबतो आणि पुढची एकवीस वर्षे शेवटच्या काही ओळींत सांगून टाकतो. आपल्याकडे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नेही हेच केले. दादासाहेब फाळके यांची १९१३ च्या यशापर्यंतची धडपड हसतखेळत मांडली आणि १९४४ साली नाशिकला विपन्नावस्थेत झालेला त्यांचा अंत बाहेर ठेवला. मालेगावात व्हिडिओ कॅमेऱ्यावर स्थानिक नटांना घेऊन प्रसिद्ध चित्रपटांच्या विडंबन-आवृत्त्या काढणारे नासिर शेख यांच्यावर रीमा कागती यांनी काढलेला, २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या बाबतीत अधिक धीट आहे. त्यात मित्रांमधील फूट आहे, आजार आहे, आणि गेलेल्या मित्राला पडद्यावर जपून ठेवण्याची तीच ओढही आहे जी वुड यांनी लुगोसींसाठी दाखवली होती.

एखाद्याने विचारावे की मग वुड यांच्या अखेरच्या वर्षांचे काय? मला वाटते, ती दाखवली असती तर प्रेक्षकाला दया वाटली असती आणि दया वाटली की माणूस लहान होतो. चित्रपट काढत असताना वुड आनंदी होते, ही गोष्ट खरी आहे आणि तीच सहसा सांगितली जात नाही. तरी असा शेवट निवडण्याची किंमत आहे. कॅथी यांनी निधनापर्यंत त्यांच्यासोबत काढलेली वीसहून अधिक वर्षे पडद्यावर येतच नाहीत, आणि त्या वर्षांत खंबीर कोण होते हे कोणाला कळत नाही.

तिकीटखिडकीवर ‘एड वुड’ पडला. अमेरिकेत त्याने ६० लाख डॉलरही मिळवले नाहीत, म्हणजे खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. वुड यांच्या ‘प्लॅन ९’चा खर्च साधारण ६० हजार डॉलर सांगितला जातो.

बर्टन यांच्या चित्रपटात नसलेला एक प्रसंग या हिशेबात बसतो. ‘प्लॅन ९’नंतर वुड यांनी ‘नाइट ऑफ द घूल्स’ नावाचा चित्रपट पूर्ण केला. टोर जॉन्सन त्यात होते, भविष्यवेत्ते क्रिसवेल शवपेटीत उठून बसून निवेदन करीत होते. फिल्म धुवून तयार झाली, पण प्रयोगशाळेचे बिल वुड यांना भरता आले नाही, म्हणून प्रयोगशाळेने ती अडकवून ठेवली. दोन दशकांहून अधिक काळ डबे तेथेच पडून होते. पुढे एका चाहत्याने ते जुने बिल चुकते केले आणि १९८४ मध्ये चित्रपट लोकांसमोर आला. वुड यांना जाऊन तेव्हा सहा वर्षे होत आली होती.